केगल फक्त बायकांसाठी? नाही!

केगल म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मंडळींत अजून ऐकू येतं, "ते व्यायाम? बाळंतिणींचे!" काका, हे चूक आहे. १९४८ साली डॉ. अर्नोल्ड केगल यांनी ते स्त्रियांसाठी मांडले, एवढंच खरं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुरुषांनाही असतात आणि लिंगाच्या ताठरतेत रक्त आत धरून ठेवायला तेच मदत करतात. २००५ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांपैकी ४० टक्के जणांची ताठरता या व्यायामांनंतर सहा महिन्यांत पूर्ववत झाली.

वायू रोखताना जो स्नायू आत ओढला जातो, तोच हा. तो आवळताना पोट, मांड्या सैल ठेवा, श्वास कोंडू नका. मात्र वीर्यपतनावेळी दुखत असेल, तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात. तिथे आवळून त्रास वाढतो, सैल सोडायला शिकावं लागतं. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.