पारावरचे आठ म्हातारे आणि 255 स्क्रीनचं जंगल

मे महिन्यात अमळनेरला मामांच्या घरी दुपारी बाहेर पडायची सोयच नव्हती. पारा 45 च्या आसपास, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, आणि टीव्हीला जोडलेला एक काळा डबा. मामांनी तो मुंबईहून आणला होता; अस्सल अटारी (अमेरिकन कंपनीचा गेम खेळायचा डबा) की नक्कल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यात 'पिटफॉल' नावाचा व्हिडिओ गेम होता. हॅरी नावाचा गडी जंगलातून पळतो, वेलीला लोंबकळून डबकं ओलांडतो, मगरींच्या डोक्यावर पाय देत पलीकडे जातो. वेळ 20 मिनिटं, जीव तीन, खजिने 32. आजी मधूनमधून ओरडायची, "बंद कर रे भो आते!"

हा गेम डेव्हिड क्रेन यांनी 1982 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीसाठी बनवला आणि त्याच्या 40 लाखांहून जास्त प्रती खपल्या. लोक आजही तो खेळतात. कारण विचारलं की 'लहानपणीची आठवण' असं उत्तर मिळतं. मला ते अपुरं वाटतं. माझ्या भाच्याला कसली आलीय आठवण? तोही तासभर उठत नाही.

आधी त्या डब्याची ऐपत बघा. अटारी 2600 ची मेमरी 128 बाइट. आजच्या मोबाइलमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे 'नंदुरबार' एवढं नाव लिहायला 24 बाइट लागतात. पाचदा लिहिलं की 120 झाले, सहाव्यांदा जागा नाही. चित्र साठवायलाही जागा नव्हती. टीव्हीचा किरण पडद्यावर ओळ काढत असताना प्रोग्रामनं त्या त्या ओळीचा मजकूर ऐनवेळी पुरवायचा. अख्खा प्रोग्राम 4 किलोबाइटचा. आणि जंगल मात्र 255 स्क्रीनचं!

ते जंगल कार्ट्रिजमध्ये, म्हणजे डब्यात खोचायच्या गेमच्या कॅसेटमध्ये, कुठेच साठवलेलं नव्हतं. हॅरी पुढे गेला की ते तयार व्हायचं. कसं, ते सांगतो.

मारुतीच्या पारावर आठ म्हातारे ओळीनं बसलेत असं धरा. कुणाच्या डोक्यावर टोपी आहे, कुणाच्या नाही. डावीकडचा पहिला उठून घरी जातो, बाकीचे एकेक जागा डावीकडे सरकतात, उजव्या टोकाला नवा येऊन बसतो. त्यानं टोपी घालायची की नाही? नियम असा: कुणी उठण्याआधी डावीकडून पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागेवरच्या टोप्या मोजायच्या. विषम असतील तर घालायची, सम असतील तर नाही. संपला नियम.

खेळाच्या सुरुवातीला टोप्या पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या जागेवर असतात. आपल्या चार जागांत एकच टोपी, म्हणजे विषम. नवा टोपी घालून येतो. आता टोप्या पहिल्या, पाचव्या आणि आठव्या जागेवर. पुन्हा मोजा: दोन, सम. पुढचा बोडक्या डोक्यानं येतो. टोपी म्हणजे 1, बोडकं डोकं म्हणजे 0; असा एकेक जण म्हणजे एक बिट, आणि आठ जणांची रांग म्हणजे एक बाइट. याचं नाव लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर. या जागा अशा बेतानं निवडल्यात की 255 पावलं होईपर्यंत एकही रांग पुन्हा येत नाही. 256 का नाही? सगळेच बोडके असतील तर टोप्या शून्य, शून्य सम, पुढचाही बोडकाच. तो पार कायमचा बोडका. म्हणून ती एक रांग वगळलेली.

प्रत्येक रांग म्हणजे एक स्क्रीन. डावीकडचे दोन बिट झाडांची मांडणी ठरवतात, मधले तीन खड्ड्याचा प्रकार, उरलेले तीन ओंडका, साप, आग वगैरे. मधल्या तिघांचा आकडा 5 (टोपी, बोडकं, टोपी; म्हणजे 101) आला की तिथे खजिना. तीन बिटांच्या शक्यता 8, आणि 256 भागिले 8 म्हणजे 32 (वगळलेल्या रांगेत मधला आकडा 0, त्यामुळे हिशेब बिघडत नाही). खजिने बरोबर 32 का, याचं उत्तर हे! कुणी नकाशावर बसून ते पुरलेले नाहीत. चार प्रकारचे खजिने, प्रत्येकी 8, गुण 2000 ते 5000. सुरुवातीला पदरात असलेले 2000 धरून जास्तीत जास्त 114000.

उलट्या दिशेनंही हिशेब चालतो. नव्याची टोपी आणि बाकीच्या तिघांच्या टोप्या ठाऊक असल्या की घरी गेलेल्याच्या डोक्यावर काय होतं ते काढता येतं. म्हणून डावीकडे वळलात तरी तेच जंगल तसंच्या तसं भेटतं. हेच गणित आपल्या खिशातही आहे: जीपीएसचे उपग्रह 10 बिटांच्या अशाच दोन रजिस्टरांतून 1023 बिटांचा संकेत बनवतात. यावलच्या केळीच्या मळ्यात फोनवर निळा ठिपका दिसतो तो त्याच जोरावर.

माझ्या मते गेमची खरी ओढ इथे आहे. जंगल आडदांड दिसतं, पण दरवेळी तेच असतं. 20 मिनिटांत 255 स्क्रीन म्हणजे एकेकाला पाच सेकंदही नाहीत. भुयारातून गेलं तर एका स्क्रीनमध्ये वरच्या तीन पार होतात, पण खाली विंचू आणि विटांच्या भिंती. कुठे उतरायचं ते पाठ असल्याशिवाय निभाव नाही. जॉन ओ'कीफ या मेंदूच्या अभ्यासकांना 1971 मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की उंदीर ठराविक जागी आला की ठराविक पेशी जागी होते. 2014 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अनोळखी गाव आपण वळणावळणानं ओळखीचं करतो. मामांच्या गल्लीतलं पिठाच्या गिरणीचं वळण मी असंच शिकलो. हल्लीचे काही गेम दरवेळी नवं जंगल उभं करतात. छान असतात, पण काल शिकलेली वाट आज उपयोगी पडत नाही.

गेल्या आठवड्यात टोप्यांचा नियम एक्सेलमध्ये घातला आणि खाली ओढला. 256 व्या ओळीत 196 (म्हणजे 1 आणि 0 मध्ये 11000100) पुन्हा आले, तीच सुरुवातीची रांग. मग जुन्या वहीतला पाठकोऱ्या कागदांवरचा नकाशा काढून ताडून पाहिला. दोन ठिकाणी मी भिंत चुकीच्या बाजूला काढली होती. नकाशा 61 व्या स्क्रीनपाशी थांबतो. पुढे पेन्सिलीनं लिहिलंय, 'लाइट गेली'.