अशील गेल्यावर दाव्याचं काय होतं? नव्वद दिवसांच्या मुदतीची पार्श्वभूमी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात दुसरं अपील (पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धचं) दाखल झालं की काटोल-उमरेडच्या अशिलाला वर्षानुवर्षं यायचं काम पडत नाही. फाईल बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागते तेव्हा वकिलाचा फोन जातो आणि तिकडून मुलगा सांगतो, "बाबा तर मागच्या दिवाळीतच गेले." तोवर कायद्याच्या हिशेबाने अपील संपलेलं असतं.

माणसासोबत त्याचा दावाही जातो, हे जुनं इंग्रजी न्यायतत्त्व. १८५९च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया संहितेनं आपल्याकडे ते मर्यादित केलं : दाव्याचा हक्क शिल्लक राहत असेल तर पक्षकाराच्या मृत्यूनं दावा बुडत नाही. १९०८च्या संहितेत हाच नियम आदेश २२ मध्ये आहे. शेती, वाटणी, उसनवारी यांचे हक्क वारसांकडे जातात. बदनामी किंवा मारहाणीच्या भरपाईचा हक्क मात्र, १९२५च्या वारसा कायद्यानुसार, माणसासोबत संपतो. फौजदारीत आरोपी वारला की खटला तिथेच थांबतो. तुरुंगवासाच्या शिक्षेविरुद्धचं अपील जवळचे नातेवाईक ३० दिवसांत परवानगी मागून चालवू शकतात.

खरी अडचण मुदतीची. १९६३च्या मुदत कायद्यानुसार वारस रेकॉर्डवर आणायला, म्हणजे मृताच्या जागी त्यांची नावं लावायला, ९० दिवस मिळतात आणि ते मृत्यूच्या तारखेपासून मोजले जातात, बातमी कळल्यापासून नाही. अर्ज आला नाही तर त्या पक्षकारापुरता दावा आपोआप उपशमित होतो, म्हणजे संपतो. त्यासाठी वेगळा आदेशही लागत नाही. घरात तेरवी, दाखले, कर्ज यांची धावपळ चालू असताना तीन महिने कुठे जातात ते कळतही नाही.

अशिलाच्या मृत्यूनं वकीलपत्र संपतं. मग कोर्टाला कळवायचं कोणी? १९७६च्या दुरुस्तीनं आदेश २२ मध्ये नियम १०-अ आणला. अशील वारल्याचं कळताच वकिलानं कोर्टाला कळवायचं, कोर्टानं समोरच्याला नोटीस द्यायची, आणि तेवढ्यापुरता वकिलाचा मृताशी असलेला करार चालू आहे असं मानायचं. एका ओळीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेली लेखी माहिती, पुरते. पण ती दिली नाही तर काय, यावर नियम गप्प आहे, आणि ही उणीव मला फार खटकते. मुदत निदान या पुरसीसपासून मोजायला हवी होती.

त्याच दुरुस्तीनं प्रतिवादीच्या मृत्यूची माहिती नसणं हे उशिराचं कारण म्हणून विचारात घ्यायला लावलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पेरुमोन देवस्वोम प्रकरणात आणखी दिलासा दिला : उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून असलेल्या, तारीख न लागलेल्या अपिलात मृत्यू वेळेत कळला नाही, तर तो निष्काळजीपणा धरू नये.

त्यामुळे उशीर झालेल्या कुटुंबाची वाट अजून बंद होत नाही. मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून वारस आणण्याचा, उपशमन रद्द करण्याचा आणि विलंब माफीचा, असे तीन अर्ज सोबतच दाखल करायचे. उपशमन रद्द करून घ्यायला ९० दिवसांनंतर आणखी ६० दिवस असतात. त्या आत गेलात तर विलंब माफीची गरजही पडत नाही.