माळ्यावरचे बूट आधी खाली काढा (पावसाळी ट्रेकवाल्यांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

दुकानात बिल करताना हे सगळं प्रत्येकाला तोंडी सांगणं होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच, मागे लाईन लागलेली असते आणि ज्याला रात्री अकराची गाडी पकडायचीय त्याला फक्त सॅक हवी असते, लेक्चर नको असतं. म्हणून कागदावर लिहून देतोय. आम्ही सामान भाड्याने देतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे काय कशाने खराब होतं ते रोज टेबलावर दिसतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त सामान डोंगरावर खराब झालेलं नसतंच, ते घरी माळ्यावर खराब होतं.

बूट

मागच्या जूनमध्ये एक काका आले, पायात चप्पल, हातात पिशवी, पिशवीत दोन बूट आणि दोन सोल वेगवेगळे. राजगडावरून गुंजवणे गावाच्या बाजूला उतरताना आधी डावा सोल सुटला, तो त्यांनी नाडीने बांधला, मग अर्ध्या तासात उजवा पण गेला. काकांचा राग आमच्यावर नव्हता, बूट दुसरीकडून घेतलेले, पण एकच वाक्य परत परत, "अहो नवेच होते, चारदाच घातलेत." कधी घेतले विचारलं तर सहा वर्षं झालेली. चार वेळा घालून उरलेली सहा वर्षं खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर.

आता ह्यात झालं काय ते सांगतो. बुटाच्या खाली जे काळं रबर दिसतं त्याच्यावर एक फोमसारखा थर असतो, मिडसोल म्हणतात त्याला. बऱ्याच ट्रेकिंग शूजमध्ये हा थर पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो, आणि ह्या पीयूला हवेतला दमटपणा हळूहळू खातो. बूट घाला नाहीतर घालू नका, ते चालूच राहतं, आणि काही वर्षांनी तो थर आतून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा होतो. वरून बूट चकाचक, नाड्या कडक, पण आत भुसा. आमचं तर असं निरीक्षण आहे की दर महिन्याला घातला जाणारा बूट कपाटातल्या बुटापेक्षा जास्त टिकतो. आणि सिलिका जेलची ती इवलीशी पुडी टाकून आपल्याकडचे पावसाचे चार महिने निघत नाहीत.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. बूट हातात घ्या, मिडसोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबा, भुगा पडला किंवा खळगा तसाच राहिला तर समजून जा. मग बूट पुढून धरून वाकवा, रबर आणि वरचा भाग जिथे जोडलाय तिथे केसाएवढी फट दिसते का बघा. हे ट्रेकच्या आदल्या रात्री नाही करायचं, दोन-तीन आठवडे आधी करायचं, म्हणजे आम्हालाही काहीतरी करता येतं. वरचं लेदर किंवा कापड चांगलं असेल तर नवीन सोल बसवून देतो, चिकटवून वर कडेने शिलाई. पण मिडसोलचाच भुगा झाला असेल तर नुसतं चिकटवून उपयोग नाही, भुश्याला भुसा चिकटत नाही, ते आम्ही स्पष्ट सांगतो आणि पैसे घेत नाही.

एक विनंती, हात जोडून. सोल सुटला की फेविक्विक लावू नका. ते वाळून काचेसारखं कडक होतं, बूट प्रत्येक पावलाला वाकतो त्यामुळे ते तडकतं, आणि नंतर आमचं सोल्युशन (सोल चिकटवायचा गोंद) त्या थरावर धरत नाही. मग ते घासून काढण्यातच आमचा तास जातो. डोंगरावर सुटलाच तर नाडीने नाहीतर चिकटपट्टीने गुंडाळा आणि तसाच घेऊन या. जाड कापडी डक्ट टेप पाण्याच्या बाटलीला चार-पाच वेढे मारून ठेवली की अख्खं बंडल न्यावं लागत नाही.

साईजबद्दल थोडंसं. बूट घ्यायला संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि चढल्यावरही फुगतो. ट्रेकचे जाड मोजे घालून या. आतला इनसोल (तळव्याखालची सुटी गादी) बाहेर काढून त्याच्यावर उभे राहा, अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. चढताना घट्ट बूट चालून जातो, वाट लागते ती उतरताना. तोरणा उतरून आल्यावर ज्यांची अंगठ्याची नखं काळी झालीयत त्यांना विचारा.

आणि ग्रिप. "ओल्या दगडावर घसरणार नाही ना?" हा रोजचा प्रश्न. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, जुलैमध्ये त्याच्यावर हिरवं शेवाळ धरतं, आणि त्या शेवाळावर ग्रिप देईल असा बूट आमच्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही. चांगलं रबर ओल्या स्वच्छ कातळावर धरतं, शेवाळावर पाय ठेवायचाच नाही, एवढंच.

घरी आल्यावर बूट धुवा, इनसोल आणि नाड्या काढा, आत रद्दी पेपरचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बोळे बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ नाही, हेअर ड्रायर नाही, कडक उन्हात गच्चीवर पण नाही, उष्णतेने चिकटवलेलं सुटायला लागतं.

सॅक

रेनकव्हर लावलं म्हणजे सॅक कोरडी राहते हा गैरसमज आहे. रेनकव्हर फक्त बाहेरच्या बाजूने झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच असते, आणि पाऊस मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमध्ये जातो. त्यात वारा असला तर कव्हर पतंगासारखं उडून दरीत जातं, दर पावसाळ्यात आमची किती जातात विचारू नका. त्यापेक्षा आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत भरा. गावाकडची खताची गोणी असते ना, तिच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन वापरणारे आमचे जुने गिऱ्हाईक आहेत आणि त्यांचे कपडे कधी भिजलेले पाहिले नाहीत. रेनकव्हर घ्या पण चिखल लागू नये म्हणून घ्या.

भरताना स्लीपिंग बॅग खाली, जड सामान (पाणी, डबे, स्टोव्ह) मधोमध आणि पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या बाजूला. जड सामान बाहेर गेलं की सॅक मागे ओढते आणि शिडीवर हे कळतं. कमरेचा पट्टा शोभेसाठी नाही, आधी तो कमरेच्या हाडावर घट्ट लावायचा आणि मग खांद्याचे पट्टे ओढायचे.

सॅक वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका प्लीज, आतलं कोटिंग सोलून निघतं. बादलीत कोमट पाणी, थोडा साधा साबण, मऊ ब्रश. चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा. चेनचे दात मिटत नसतील तर बहुतेक वेळा फक्त रनर (चेनवर सरकणारा तुकडा) झिजलेला असतो, अख्खी चेन बदलायची गरज नसते, रनर बदलणं दहा मिनिटांचं काम.

पावसात अंगावर काय

जुन्या काळी मावळात आणि कोकणात शेतावर इरलं वापरायचे, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, वाकून लावणी करताना पाठ कोरडी राहायची. त्याच्या इतकं हवा खेळती ठेवणारं रेनवेअर आम्ही अजून विकलेलं नाही! पण इरलं घेऊन हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या चढता येणार नाहीत, म्हणून जॅकेट.

पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) स्वस्त आणि सॅकसकट झाकतो, पण माथ्यावर वाऱ्यात तो तोंडावर येतो आणि पायाखालचं दिसत नाही, त्यामुळे कड्याच्या वाटेवर आम्ही देत नाही. श्वास घेणारं (आतली वाफ बाहेर सोडणारं) महागडं जॅकेट असेल तर एक लक्षात ठेवा, ते बाहेरून भिजून जड झालं म्हणजे फाटलं असं नाही, वरचा पाणी झटकणारा थर संपलेला असतो. साध्या लिक्विडने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर हलकी इस्त्री किंवा ड्रायर द्या, बऱ्याचदा थर परत काम करायला लागतो. आणि जीन्स घालून जाऊ नका. भिजलेली जीन्स वाळत नाही, घासते, आणि गुडघा वर उचलू देत नाही.

टेंट

टेंटची सगळ्यात कॉमन तक्रार, "गळतो." मागच्या वर्षी एक ग्रुप पवना धरणाच्या काठावरून सकाळी फोटो पाठवत होता, आतल्या छतावर थेंब, बॅगा ओल्या, पैसे परत द्या. आम्ही विचारलं रात्री पाऊस होता का, तर म्हणे नाही, चांदणं होतं. मग पाणी आलं कुठून? तीन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यात वाफ असते, बाहेर गार आणि आत सगळ्या खिडक्या चेन लावून बंद, मग ती वाफ थंड कापडावर थेंब होऊन बसते. व्हेंट (हवेचे झरोके) उघडे ठेवा, थंडी वाजली तरी ठेवा, आणि बाहेरचा फ्लाय (वरचं पावसाचं कापड) आतल्या टेंटला चिकटू देऊ नका, दोऱ्या ताणून खुंट्या नीट ठोका.

पोल जोडताना झटका देऊन आपोआप जुळू देऊ नका, व्हिडिओत छान दिसतं पण जोडावरच तडा जातो. एकेक जोड हाताने बसवा. स्लीव्हमधून (टेंटवरच्या कापडी बोगद्यातून) पोल ढकलायचा, ओढायचा नाही, ओढला की सुटतो आणि आत अडकतो. काढताना मधून दुमडायला सुरुवात करा म्हणजे आतलं इलास्टिक दोन्हीकडे सारखं ताणलं जातं.

भाड्याने नेलेला टेंट ओला परत आणला तर आम्ही दंड लावत नाही, हे परत लिहितो, दंड लावत नाही, फक्त काउंटरवर ठेवताना "ओला आहे" एवढं सांगा. दंड लागतो तो ओला टेंट पिशवीत कोंबून तीन-चार दिवस घरी ठेवला तर. त्याला काळे ठिपके पडतात, ती बुरशी, ती धुऊन जात नाही. आणि आतलं कोटिंग चिकट होतं, आंबूस वास मारतं, मग तो टेंट संपला. स्वतःचा असेल तर हॉलमध्ये खुर्च्यांवर पसरा, घरचे दोन दिवस बोलतील, बोलू दे.

चुलीचा विषय इथेच घेतो. टेंटच्या आत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डोंगरावर धूर करताना वर कड्यात आग्या मोहोळ आहे का आधी बघा. विमानाने हिमालयात जाणारे, गॅसचा कॅन चेक-इनमध्ये पण चालत नाही आणि केबिनमध्ये पण नाही, रेल्वेत पण मनाई आहे, तिकडे पोचून घ्या. पॉवर बँक उलट केबिनमध्येच. आणि साधा ब्युटेनचा कॅन असेल तर शून्याच्या आसपास त्याचा गॅसच व्हायचा थांबतो, डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला चहा होणार नाही. थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स घ्या.

बाकीचं पटापट

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं "कम्फर्ट" वाचा, "एक्स्ट्रीम" म्हणजे कसाबसा जीव वाचेल ते, झोप लागेल ते नाही. घरी ठेवताना छोट्या पिशवीत दाबून ठेवू नका, उशीच्या मोठ्या खोळीत सैल ठेवा, नाहीतर आतली फुगण्याची ताकद जाते.

हेडटॉर्च घ्याच. मोबाईलचा टॉर्च एक हात खातो आणि खोबण्यांच्या पायऱ्यांवर दोन्ही हात लागतात. घरी आल्यावर सेल काढून ठेवा, आमच्याकडे येणाऱ्या बंद टॉर्चमधल्या बऱ्याचशा सेल फुटून कॉन्टॅक्ट हिरवे झालेल्या असतात. कधीकधी व्हिनेगरने साफ होतात, कधी नाही.

ट्रेकिंग पोल आले की तुकडे वेगळे करून वाळवा. तेल घालू नका, ट्विस्ट लॉकवाले (पिळून घट्ट करायचे) मग सटकतात.

रोप आम्ही भाड्याने देत नाही. दरवेळी कुणीतरी रागावतं म्हणून कारण लिहितो. रोपवर किती झटके बसलेत, उन्हात किती पडलाय, गाडीच्या डिकीत बॅटरीच्या ॲसिडजवळ होता का, हे बाहेरून दिसत नाही, आणि नायलॉन नुसता ठेवला तरी जुना होतो. दुसऱ्याने वापरलेल्या दोरावर तुम्ही लटकावं असं आम्हाला वाटत नाही. क्लाइंबिंगला जायचं असेल तर अनुभवी क्लबबरोबर, त्यांच्या रोपवर जा.

भाडं आणि दुरुस्ती, आमची पद्धत

सामान नेताना दुकानातच उघडून बघा, टेंटचे पोल मोजा, चेन दोन्ही बाजूंनी ओढा, टॉर्च लावून बघा. पहिल्यांदाच टेंट नेणार असाल तर घरी एकदा लावून बघा, रात्री पावसात आणि अंधारात पहिला प्रयोग नको. ट्रेक रद्द झाला तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करा, भाडं घेत नाही. पावसाचा रेड अलर्ट आला असेल तर ऐनवेळी सांगितलं तरी चालेल, उलट तुम्ही नाही गेलात तर आम्हाला बरंच वाटेल. काही किल्ल्यांवर मुक्कामाला परवानगी नसते, पावसाळ्यात काही वाटाही बंद करतात, टेंट बुक करायच्या आधी ते विचारून घ्या.

दुरुस्तीचं सामान बुधवारी रात्रीपर्यंत दिलं तर शुक्रवारी संध्याकाळी मिळतं. गुरुवारी दिलं तर नाही, सोल चिकटवल्यावर चोवीस तास दाबाखाली ठेवावा लागतो, त्यात घाई करून चालत नाही, कितीही ओळख असली तरी. बूट धुऊन द्या, चिखलाच्या बुटाला सोल्युशन लागत नाही.

आणि सॅक देताना सगळे कप्पे रिकामे करून द्या, खालचा पण. ऑगस्टमध्ये आलेल्या एका सॅकच्या खालच्या कप्प्यात कांदा होता, त्याला वीतभर पात आली होती.