हॅमस्टर, गिनीपिग मुंबईबाहेर न्यायचाय? कागद, पेटी आणि पार्सलची खिडकी

मुंबई महापालिका रात्रपाळीला उंदीर मारायला माणसं नेमते, आणि त्याच मुंबईत क्रॉफर्ड मार्केटातून आणलेल्या सव्वाशे ग्रॅमच्या हॅमस्टरला काकडीच्या चकत्या भरवणारी घरंही आहेत. अशा घरात बदलीची ऑर्डर आली किंवा मुलीला बंगळुरूला नोकरी लागली, की सोफा-फ्रिजच्या आधी याचा प्रश्न उभा राहतो.

माझ्या भाचीचा गिनीपिग नागपूरला न्यायचा होता तेव्हा पार्सलच्या खिडकीवर आम्हाला पहिला प्रश्न आला, "कुत्रा की मांजर?" दोन्ही नाही म्हटल्यावर क्लार्क जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग ससा लिहू का?" ते मदतच करत होते. पण कागदावर ससा आणि पेटीत गिनीपिग असं झालं, तर पुढच्या प्रत्येक तपासणीत खुलासा देणारे आपणच. या प्राण्यांची खरी अडचण हीच आहे. कायद्याने बंदी नाही, पण फॉर्ममध्ये रकानाही नाही. त्यामुळे कागद आपणच नीट तयार करून न्यावे लागतात.

कोणता प्राणी पाठवता येतो

हॅमस्टर, गिनीपिग, पाळीव पांढरे उंदीर हे पिंजऱ्यात जन्मलेले प्राणी पाळायला आणि न्यायला हरकत नाही. 2018च्या पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत यांची नावंच दिली आहेत. मात्र त्याच नियमांमुळे, तुम्ही पिल्लं काढून विकत असाल किंवा दुकान चालवत असाल, तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. स्वतःचा एखाद-दुसरा प्राणी नेणाऱ्याला ती लागत नाही. रानातून उचललेल्या प्राण्याचं प्रकरण वेगळं. शेकरू तर आपला राज्यप्राणी, वन्यजीव कायद्याने संरक्षित. "गावी झाडाखाली पिल्लू सापडलं" ही सबब तिथे चालत नाही. असं पिल्लू सापडलं तर वन विभागाला कळवा, पेटीत भरू नका.

गाभण मादी, दूध न सुटलेली पिल्लं आणि आजारी जनावर पाठवू नये. हॅमस्टर मादीचा गर्भकाळ जेमतेम 16 ते 18 दिवसांचा असतो, त्यामुळे नर-मादी एकत्र ठेवले असतील तर "गाभण नाही" हे छातीठोकपणे सांगू नका, डॉक्टरांना बघू द्या.

प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र

हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. 1978च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्रा-मांजर, माकडं, गुरं, घोडे, शेळ्या-मेंढ्या अशी प्रकरणं आहेत. उंदीरवर्गाला स्वतंत्र प्रकरण नाही. म्हणून व्यवहारात कुत्रा-मांजरांच्या प्रकरणाचाच नमुना धरायचा: नोंदणीकृत पशुवैद्याचं प्रमाणपत्र सोबत हवं, आणि ते नसेल तर वाहतूकदाराने माल नाकारायचा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

प्रमाणपत्रात नुसतं "एक प्राणी, निरोगी" असलं तर ते परत करून नीट लिहून घ्या. जात (सीरियन हॅमस्टर, गिनीपिग, जे असेल ते), संख्या, नर की मादी, रंग, अंदाजे वय, संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत आणि प्रवासाला योग्य आहे असं वाक्य, कुठून कुठे जाणार, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक. "पाळीव, पिंजऱ्यात जन्मलेला" हे शब्द आग्रहाने घाला, म्हणजे वन्यजीवाचा संशय सुरुवातीलाच मिटतो. तारीख शक्यतो प्रवासाच्या आदल्या दिवशीची असावी. आठवड्यापूर्वीचं प्रमाणपत्र दाखवून खिडकीवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

गल्लीतले सगळेच व्हेट उंदीरवर्ग बघत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा. परळचं साकरबाई पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल, आणि शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पत्ते माहीत असू द्या.

सोबत ठेवायचे बाकीचे कागद: पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं ओळखपत्र, दुकानाची खरेदीपावती असेल तर ती, प्राण्याचा एक स्पष्ट फोटो. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा.

पेटी

पुठ्ठ्याचा खोका नको. दादर ते कल्याण एवढ्या वेळात हॅमस्टर तो कुरतडून बाहेर येईल. आतून बारीक तारेची जाळी लावलेली टणक प्लास्टिकची किंवा लाकडी पेटी घ्या, हवेची भोकं निदान तीन बाजूंना असू द्या. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर निसटतो, हे जाळी निवडताना लक्षात ठेवा. सीरियन हॅमस्टर एका पेटीत एकच, कारण दोन ठेवले तर एकमेकांना फाडतात. गिनीपिग मात्र ओळखीच्या जोडीदारासोबत शांत राहतो. खाली कागदाच्या पट्ट्या पसरा. देवदार किंवा पाइनचा वासाचा भुसा श्वासाला त्रास देतो.

पाण्याची बाटली गाडीच्या हादऱ्यांनी गळते आणि अंथरूण भिजतं. त्याऐवजी काकडीचे जाड तुकडे ठेवा. गिनीपिगला भरपूर सुकं गवत द्या. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरचीची एक फोडही ठेवा. प्रवासाआधी उपाशी ठेवायचं नाही. हे प्राणी ओकू शकत नाहीत, त्यामुळे उपासाचा फायदा शून्य, आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्यांचं काम थांबतं. गुंगीचं औषध तर अजिबात देऊ नका.

पेटीवर "जिवंत प्राणी", वरची बाजू दाखवणारा बाण आणि दोन्हीकडचे फोन नंबर मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहा. चेन्नईला जाणार असेल तर तमिळमध्येही, कारण पेटी उतरवणारा हमाल तिथला असतो.

रेल्वेने

छोट्या प्राण्यांचा रस्ता पार्सल ऑफिसातून जातो: सीएसएमटी, दादर, एलटीटी, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस. फॉरवर्डिंग नोट म्हणजे पार्सल पाठवण्याचा फॉर्म भरायचा, वजन करून पैसे भरायचे, रेल्वे पावती म्हणजे आरआर घ्यायची आणि तिच्यावर प्राण्याचं नाव बरोबर आहे ना ते तिथल्या तिथे वाचायचं. पेटी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या आणि सामानाच्या डब्यात जाते. सगळ्या गाड्यांना पार्सल घेणारा डबा नसतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी ही चौकशी करा. स्वतः त्याच गाडीने प्रवास करा आणि गार्डला भेटून सांगून ठेवा. 2022पासून त्यांच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय, पण "गार्डसाहेब" म्हटलं तरी ओ देतात. बुकिंग करताना मूल्य जाहीर करायचा पर्याय 1989च्या रेल्वे कायद्यात आहे. तो वापरला नाही, तर काही बरंवाईट झाल्यावर मिळणारी भरपाई नावापुरतीच असते.

ऋतू बघा. साधारण 28-30 अंशांच्या वर गिनीपिगला उष्माघात होऊ शकतो, म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये बंद ब्रेकव्हॅनचा विचारही करू नका. याच्या उलट, जानेवारीत दिल्लीकडे जाताना कडक थंडीने हॅमस्टर निपचित पडतो आणि मेल्यासारखा दिसतो. पुरायची घाई करू नका, हळूहळू ऊब द्या.

विमान, गाडी, कुरिअर

केबिनमध्ये पाळीव प्राणी घेणाऱ्या आपल्याकडच्या विमान कंपन्या मुख्यतः कुत्रा-मांजरच घेतात. हॅमस्टरला कार्गोचा मार्ग उरतो, तोही त्या कंपनीने लेखी होकार दिला तर. तिथे आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या जिवंत प्राणी नियमांप्रमाणे पेटी, शिपरचं म्हणजे पाठवणाऱ्याचं घोषणापत्र आणि एअर वेबिल म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाची पावती लागते. थेट आणि पहाटेचं विमान निवडा, कारण विमानतळाच्या तापलेल्या फरशीवर पडून राहणं उड्डाणापेक्षा जास्त घातक.

माझं मत विचाराल तर पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा एवढ्या टप्प्यासाठी स्वतःची किंवा भाड्याची एसी गाडीच बरी. ट्रॅव्हल्सच्या डिकीत चालकाला दोनशे रुपये देऊन ठेवलेली पेटी म्हणजे भट्टी. प्राण्याला यातना होतील अशी वाहतूक 1960च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, हा आकडा वाचून हसू येतं, पण गुन्हा तो गुन्हाच. कुरिअरवाल्यांच्या निषिद्ध यादीत जिवंत प्राणी बहुधा असतातच. "खेळणी" लिहून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

परदेशी

इथे उलटीकडून सुरुवात करा: आधी त्या देशाची परवानगी, मग मुंबईतल्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाकडून निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र. ऑस्ट्रेलियात हॅमस्टर नेताच येत नाही. कॅलिफोर्नियात जर्बिल (उंदरासारखाच छोटा पाळीव प्राणी) पाळणं बेकायदा आहे, तेव्हा जर्बिल पाळणाऱ्यांनी तिथल्या नोकरीसाठी निघताना त्याला इथेच चांगलं घर शोधावं. ब्रिटनमध्ये भारतातून जाणाऱ्या उंदीरवर्गाला 4 महिने विलगीकरण आहे. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्यातले 4 महिने अनोळखी पिंजऱ्यात काढायला लावायचे का, हे परवान्याचा अर्ज भरण्याआधी ठरवा.

पोहोचल्यावर

पेटी ताब्यात घेताना सही करण्याआधी जाळीतून आत बघा आणि काही बिघडलं असेल तर पावतीवर तसा शेरा लिहून घ्या. घरी नेल्यावर जुन्या पिंजऱ्यातलं थोडं न धुतलेलं अंथरूण नव्या पिंजऱ्यात टाका, वासाने ते लवकर रुळतात. दोन दिवस पोरांना हात लावू देऊ नका. गिनीपिगने अर्धा दिवस गवताला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.