एक मेगोहमचा आकडा आला कुठून?

नव्या घराला मीटर घेताना अर्जासोबत लायसनधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात इन्शुलेशन रेझिस्टन्सचा, म्हणजे तारेचं वेष्टण विजेची गळती किती अडवतं त्याचा, रकाना असतो आणि तिथे मेगोहममध्ये (दहा लाख ओहमच्या मापात) बहुधा एखादा गोल आकडा दिसतो. तो लिहिण्याआधी मेगर, म्हणजे हा रोध मोजायचं यंत्र, पिशवीतून बाहेर निघाला होता का, ते वायरमनलाच ठाऊक.

या चाचणीच्या मुळाशी आहे आगीची भीती. शॉकचा विचार दुय्यम होता. १८८२ मध्ये लंडनच्या तारयंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे आग लागू नये म्हणून पहिले वायरिंग नियम काढले. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. तारेवरचं वेष्टण भिजलं, की प्रवाह लाकडातून, भिंतीतून झिरपतो आणि तिथे हळूहळू कोळसा होतो. हे झिरपणं मोजायचं कसं, हा प्रश्न होता.

सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये हातात नेता येईल असं उपकरण केलं आणि १९०३ मध्ये ‘मेगर’ हे त्याचं व्यापारी नाव नोंदलं गेलं. आपल्याकडे ते नाव इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीचं मीटर असो, वायरमन ‘मेगर मारतो’. जुन्या मेगरची गंमत म्हणजे त्याचा काटा. हँडल फिरवत नसाल तर तो शून्यावर येत नाही, वाटेल तिथे रेंगाळतो, कारण त्याला मागे ओढणारी स्प्रिंगच नाही. एकमेकींशी कोन करून बसवलेल्या दोन गुंडाळ्यांच्या ओढाताणीत तो ठरतो. म्हणून हँडलचा वेग थोडा मागेपुढे झाला तरी वाचन फारसं बिघडत नाही.

याच एव्हरशेडनी १९१४ च्या सुमारास दाखवून दिलं, की ओल शोषणाऱ्या वेष्टणाचा रोध दाबाबरोबर बदलतो, व्होल्टेज वाढवलं की तो घटतो. २३० व्होल्टच्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी का लावायचे, याचं उत्तर इथे सापडतं. मल्टिमीटरच्या बॅटरीला जी ओल दिसतच नाही, ती ५०० व्होल्टला उघडी पडते.

तेव्हाच्या तारा होत्या रबराच्या. रबरातलं गंधक तांबं खातं, म्हणून तांब्याला कथलाचा मुलामा देत. त्या तारा लाकडी केसिंग-कॅपिंगमध्ये, म्हणजे खाचेच्या पट्टीत वर झाकण लावून, बसवत. पुढे सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेली रबरी आवरणाची तार आली. कोकणातल्या जुन्या घरांत ती पट्टी अजून दिसते, बोट लावलं की वेष्टणाचा भुगा होतो. अशा मालाकडून अपेक्षा ठेवायची तरी किती? वायरिंगच्या भारतीय मानकात, आयएस ७३२ मध्ये, सूत्र होतं: ५० ला पॉइंटांच्या संख्येने भागा, येईल तेवढे मेगोहम हवेत, पण पूर्ण घराला एकापेक्षा जास्तीची सक्ती नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४८व्या नियमात आणि मग २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही तोच एक मेगोहम राहिला.

पीव्हीसीच्या नव्या कोऱ्या वायरिंगला मात्र शेकडो मेगोहम सहज येतात. तिथे दोन आले, तर नियमाने घर पास, पण माझ्या लेखी ते आजारी आहे. कुठेतरी खिळा घुसलाय, नाहीतर पाइपात पाणी साचलंय. जुन्या घराचा आकडा मे महिन्यात फसवतो, खरा कळतो ऑगस्टमध्ये.

चाचणीची जुनी पद्धत बल्बच्या काळातली. मेन बंद, बल्ब काढलेले, बटणं चालू, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजायचं. आता घर बदललंय. एलईडी, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर यांना ५०० व्होल्ट सोसत नाहीत, नाहीतर ते आकडाच खोटा पाडतात. ते सर्किटमधून काढायचे, आणि आरसीसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) पुढची वायरिंग तिथून सोडवून वेगळी मोजायची. मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या तारा जिवंतच असतात, हे तर हमखास विसरलं जातं. दुसरी चूक म्हणजे फक्त फेज तोडणारा एकेरी एमसीबी पाडून मोजणं. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो, त्यामुळे काटा थेट शून्याकडे जातो आणि माणूस निष्कारण भिंत फोडायला घेतो. न्यूट्रलही सोडवायला हवा. त्याआधी टेस्टरच्या मिणमिणत्या दिव्यावर विसंबू नये. वीज खरंच गेली का ते चालू पॉइंटवर तपासून घेतलेल्या मीटरने बघावं, आणि मेनला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवावी.

मोजून झाल्यावर तारेत भार साठलेला राहतो. आजची डिजिटल मीटरं तो बहुधा आपणहून उतरवतात. हाताच्या मेगरला ती सोय नाही, तिथे तारेचं टोक अर्थला टेकवल्याशिवाय हात लावायचा नसतो. झटका तसा छोटाच बसतो, पण त्या वेळी आपण स्टुलावर उभे असतो.