किशोरवयीन मुलींमधलं एंडोमेट्रिओसिस : दुर्बिणीतून निदान आणि ऑपरेशन

गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू बाहेर, बहुतेकदा ओटीपोटातल्या पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर) नाहीतर ओव्हरीवर वाढतो तो हा आजार. पाळीत पोट दुखायचंच, लग्न झालं की थांबेल, असं मुलींना ऐकवलं जातं आणि निदान लांबतं. पेनकिलर आणि हार्मोनच्या गोळ्या नीट घेऊनही दुखणं थांबत नसेल तर अशा मुलींपैकी किमान दोनतृतीयांश जणींना पोटात छोट्या छिद्रातून दुर्बीण घातल्यावर (लॅपरोस्कोपी) हाच आजार निघतो, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एकॉग या संघटनेने २०१८ मध्ये म्हटलंय.

आजार पहिल्यांदा कोणी ओळखला आणि तो येतो कुठून, दोन्हींवर एकमत नाही. पहिलं वर्णन १८६० मध्ये व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की या डॉक्टरने केलं असं बऱ्याच पुस्तकांत असतं, पण त्याने पाहिलं ते हेच होतं का यावर वाद आहे आणि काही अभ्यासक तो मान नंतरच्या कलन या डॉक्टरला देतात. कारणांपैकी सॅम्पसन या डॉक्टरची १९२७ ची थिअरी, म्हणजे पाळीचं रक्त गर्भनळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, जास्त मान्य आहे; रक्त बाहेर यायचा मार्ग जन्मतः बंद असलेल्या मुलींत रक्त तुंबून हा आजार होतो आणि अडथळा काढला की बरेचदा ओसरतो, हे तिच्याच बाजूने जातं. पण उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांत जातं, शिवाय पाळी सुरू व्हायच्या आधीही या आजाराचे डाग सापडलेत. नवजात मुलींना जो किंचित रक्तस्राव होतो त्यातूनच पेशी आत जात असाव्यात असं ब्रोसेन्स वगैरे संशोधकांनी सुचवलंय, पटण्यासारखं आहे, सिद्ध मात्र नाही.

मुलींची सोनोग्राफी शक्यतो पोटावरूनच करतात, त्यात चॉकलेट सिस्ट (ओव्हरीतली जुन्या रक्ताची गाठ) कळते, बारीक डाग नाही. मोठ्या बायकांतले काळे-निळे डाग डोळ्यात बसलेला सर्जन इथे फसू शकतो, कारण मुलींत पारदर्शक फोडी नाहीतर लाल ठिपके जास्त असतात आणि दुर्बिणीच्या लाइटमध्ये फोडी चकाकून हरवतात. म्हणून ओटीपोटात सलाइन भरून दुर्बीण त्याच्या आत नेतात, मग फोडी उठून दिसतात. बायोप्सी घ्यावीच, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच असं नाही. युरोपातल्या प्रजनन-तज्ज्ञांच्या ईश्रे या संस्थेने २०२२ पासून दुर्बीण आधी नको म्हटलंय, स्कॅन नॉर्मल असेल किंवा औषधाने गुण येत नसेल तरच, आणि मुलींच्या बाबतीत हेच जास्त योग्य वाटतं.

दिसलेले डाग त्याच वेळी जाळतात किंवा कापून काढतात, कापणं चांगलं म्हणणारे अभ्यास लहान आहेत. अख्खं पेरिटोनियम सोलणं मात्र टाळावं, आतडी वगैरे चिकटायचा धोका वाढतो. आजार परत येतो, म्हणून नंतर पाळी दाबणारी औषधं लागतातच, हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल त्याच भुलीत बसवता येते. सोळाच्या आत जीएनआरएच इंजेक्शनं (ओव्हरीचे हार्मोन बंद पाडणारी) सहसा देत नाहीत, त्यांनी हाडं विरळ होऊ शकतात आणि हाडं भरायचं वय असतं ते.