मेथीच्या एका खेपेचा माग

मे २०११. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात तीन मुलांना एकच दुर्मीळ विकार झालेला आढळला. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायच्या आणि मूत्रपिंडं बंद पडू लागायची. १९ मे रोजी बर्लिनच्या रॉबर्ट कोख इन्स्टिट्यूटला, म्हणजे देशाच्या रोगनियंत्रण संस्थेला, हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं पथक तिथे पोचलं.

हा विकार एरवी लहान मुलांचा. पण यादी वाढत गेली तशी वेगळीच गोष्ट दिसली. बहुतेक रुग्ण प्रौढ होते आणि मूत्रपिंडं बिघडलेल्यांत साधारण दोन तृतीयांश स्त्रिया. जंतू होता ई. कोलाय या जिवाणूचा ओ१०४:एच४ हा प्रकार. आतड्याला चिकटून राहण्यात तो तरबेज होताच, त्यात जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूकडून त्याला जहाल विष तयार करण्याचं जनुक मिळालेलं.

२६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य प्रशासनाने स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवलं. पुढच्या तपासणीत काकड्यांवरचा जंतू वेगळाच निघाला, पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला होता. रशियाने तर युरोपीय संघाची सगळीच भाजी बंद केली. भाजी उत्पादकांच्या भरपाईसाठी संघाला २१ कोटी युरो बाजूला काढावे लागले. लोकांना सावध करणं गरजेचं होतं हे मान्य, पण पुराव्याआधी नाव घेतलं की त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

खरा माग लागला तो एका उपाहारगृहात. रुग्णांना काय खाल्लं विचारलं, तर टोमॅटो, काकडी, सॅलडची पानं आठवत. वर भुरभुरलेले मोड जेमतेम चौथ्या हिश्श्याला आठवले. म्हणून संशोधकांनी आठवणीवर भिस्त ठेवणंच सोडलं. तिथे जेवून गेलेल्या दहा गटांतल्या १५२ जणांनी कोणते पदार्थ मागवले होते, ते बिलांवरून आणि जेवताना काढलेल्या फोटोंवरून ठरवलं. मग आचाऱ्याला विचारलं, यातल्या कुठल्या पदार्थात काय पडतं? ३१ जण आजारी होते आणि त्या सगळ्यांच्या ताटात मोड होते. मोड खाणाऱ्यांना आजाराचा धोका इतरांच्या चौदापट असावा, असा सांख्यिकीय अंदाज निघाला. या साऱ्या तपासात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे काम.

मेथी भिजवून फडक्यात बांधली की तिला मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. बियांवर मोजके जंतू असले तरी दोन-चार दिवसांत ते अफाट वाढतात. आपली उसळ चांगली शिजते, त्यात ते मरतात. सॅलडवरचे मोड मात्र कच्चेच पोटात जातात.

१० जूनला जर्मनीने मोडांचं नाव जाहीर केलं. धागे लोअर सॅक्सनीतल्या एका उत्पादकाकडे जात होते, पण तो अनेक बियांना मोड आणायचा. त्यातलं दोषी बी कोणतं, हे एकट्या जर्मनीच्या माहितीतून सुटणं अवघड होतं. २४ जूनला फ्रान्सने कळवलं की बोर्दोजवळच्या बेगल गावात लोक आजारी पडले आहेत. ८ जूनच्या एका कार्यक्रमात त्यांनी मोड खाल्ले होते. ते जर्मनीहून आलेले नव्हते, विकतच्या बियांपासून तिथेच तयार केलेले होते. जंतू मात्र तोच!

म्हणजे दोष त्या उत्पादकाच्या आधी, बियाण्यातच असणार. स्टॉकहोमच्या युरोपीय रोगनियंत्रण केंद्राने सगळ्या देशांना रुग्ण मोजण्याची एकच व्याख्या दिलेली होती, म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडता आले. इटलीतल्या पार्मा इथल्या युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशोदेशीच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून खरेदी-विक्रीची कागदपत्रं जुळवली. दोन्ही वाटा मेथीपाशी मिळाल्या. इजिप्तहून २००९च्या अखेरीस निघालेली १५ टनांची एक खेप जर्मन आयातदाराकडे आली आणि तिथून अनेक देशांत वाटली गेली. ५ जुलैला प्राधिकरणाने हाच सर्वांत संभाव्य दुवा असल्याचं जाहीर केलं. उरलेलं बी बाजारातून मागे घेतलं गेलं आणि इजिप्तच्या मेथीची आयात थांबवली गेली.

बियांवर तो जंतू मात्र कधीच सापडला नाही. इजिप्तने आरोप फेटाळला. पुरावा उरला तो कागदांचा आणि रुग्णांच्या नोंदींचा. २६ जुलैला जर्मनीने साथ संपल्याचं जाहीर केलं, तोवर ३,८००हून अधिक लोक आजारी पडले होते. एकट्या जर्मनीत ५३ जण दगावले.

२०१३ पासून मोडांसाठीचं बियाणं युरोपीय संघात आणायचं तर खेपेसोबत प्रमाणपत्र लागतं आणि ती कुणाकडून घेतली, कुणाला दिली याची नोंद प्रत्येक व्यापाऱ्याला ठेवावी लागते.